इंग्रजी लिहितांना अडविणारीं अव्ययें

इंग्रजी भाषा आपल्या सुशिक्षित घरांत शिरून आतां पांचसहा पिढ्या होऊन गेल्या. पणजोबांनीं तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घोकली, आजोबांनीं नेसफील्डचें व्याकरण पाठ केलें, वडिलांनीं रेन आणि मार्टिन या जोडगोळीचें पुस्तक उशाशीं घेऊन परीक्षा दिल्या, आणि नातवंडें तर शिशुवर्गापासूनच इंग्रजी माध्यमांतून शिकत आहेत. इतकें होऊनही एक गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे. मोठमोठे शब्द आपणांस अडवीत नाहींत. ज्या गृहस्थाला ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या शब्दाचीं अक्षरें झोपेंतही चुकत नाहींत, तोच गृहस्थ ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांच्या उंबरठ्यावर अडखळतो. ‘बाय’, ‘टिल’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘दो’, ‘अनलेस’ हे शब्द अर्थानें कोणासच अपरिचित नाहींत. पण कोठें कोणता घालावयाचा याचा निर्णय करण्याची वेळ आली कीं भल्याभल्यांची लेखणी थबकते, आणि घाईच्या वेळीं तर ती न थबकतांच चुकते.

या चुका अज्ञानाच्या नव्हेत, मराठीच्या आहेत असें माझें मत आहे. आपण इंग्रजी शब्द लिहितों, पण त्यांना जोडणारे दुवे मात्र मनांतल्या मनांत मराठींतूनच आणीत असतों. म्हणून इंग्रजी व्याकरणाचे नियम पुन्हां एकदां घोकण्यापेक्षां, आपली मराठी आपणांस कोठें फसविते हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल.

प्रथम दोन्ही भाषांच्या घडणींतील भेद ध्यानांत घ्यावयास हवा. मराठींत नामाचें नातें दाखविण्याचें काम विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्ययें करतात, आणि तीं नामाच्या मागून येतात: घरांत, घरापुढें, घरासाठीं. इंग्रजींत हेंच काम करणारा शब्द नामाच्या आधीं बसतो; ‘प्रेपोझिशन’ या लॅटिनोद्भव नांवाचा अर्थच मुळीं ‘पुढें ठेवलेला’ असा आहे. पण इंग्रजी नेहमींच अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत संस्कृताप्रमाणें विभक्ति होत्या. कर्ता, कर्म, संप्रदान, संबंध हे नामाच्या शेवटावरून कळत. पुढें हे प्रत्यय झिजत झिजत नाहींसे झाले. षष्ठीचा एक ‘एस्’ आणि ‘हिम्’, ‘देम्’ यांसारखीं कांहीं सर्वनामें एवढेच अवशेष उरले. प्रत्यय गेले, परंतु त्यांचें काम कोणी तरी करावयास हवेंच होतें. तें या चिमुकल्या अव्ययांच्या माथीं आलें. एकेका अव्ययाला इंग्रजी कोशांत रकानेच्या रकाने कां लागतात याचें कारण यांत आहे.

आपल्याकडे गंमत उलट आहे. आपलीं पुष्कळ शब्दयोगी अव्ययें ही मूळचीं नामेंच होत. ‘मध्यें’ हें संस्कृत ‘मध्य’ शब्दाचें सप्तमीचें रूप, ‘पाशीं’ हें ‘पार्श्व’ म्हणजे कूस या शब्दाचें. इंग्रजींतही असे दबलेले संसार आहेत. ‘बिटवीन’ यांत ‘दोन’ हा अंक लपलेला आहे, ‘अमंग’ यांत गर्दी आहे, ‘बिकॉज’ म्हणजे ‘बाय कॉज’, आणि ‘बट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाहेर’ असा आहे. ‘ऑल बट वन’ म्हणजे ‘एक सोडून सारे’ या प्रयोगांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. मराठी माणसाला सर्वांत अधिक फसविणारा शब्द कोणता असें कोणी विचारलें, तर मी ‘पासून’ असें उत्तर देईन. ‘मी सोमवारपासून आजारी आहें’ आणि ‘मी चार दिवसांपासून आजारी आहें’ या दोन वाक्यांत मराठीला कांहींच भेद दिसत नाहीं. इंग्रजीला तो फार मोठा दिसतो. सोमवार हा काळाच्या रेषेवरील एक बिंदु आहे. चार दिवस ही त्या रेषेची लांबी आहे. बिंदूसाठीं ‘सिन्स’, लांबीसाठीं ‘फॉर’. ‘सिन्स फोर डेज’ हें वाक्य आपल्या कचेऱ्यांतील निम्म्या रजेच्या अर्जांत सांपडेल. शिवाय मराठींत ‘आहें’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपण ‘आय ॲम इल’ असें लिहून मोकळे होतों. इंग्रजीला येथें ‘आय हॅव बीन इल’ असें म्हणावें लागतें, कारण तिच्या मतें हें दुखणें मागें सुरू होऊन आजवर ओढलें गेलेलें आहे. म्हणजे एका ‘पासून’नें अव्यय आणि काळ अशा दोन चुका पदरांत टाकल्या.

‘पर्यंत’ हा त्याचा धाकटा भाऊ, पण अधिक घातकी. ‘भाडेकरूनें 31 मार्चपर्यंत जागा वापरावी’ आणि ‘भाडेकरूनें 31 मार्चपर्यंत जागा रिकामी करावी’ हीं वाक्यें पाहा. पहिल्यांत वापर चालू राहून त्या दिवशीं संपतो; दुसऱ्यांत रिकामी करण्याची क्रिया त्या दिवसाच्या आंत केव्हांही एकदां घडावयाची आहे. मराठींत हा भेद क्रियापदावरून उमगतो, म्हणून अव्यय एकच पुरतें. इंग्रजींत तो भार अव्ययानें उचलावयाचा असतो: चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’, मुदतीच्या आंत उरकावयाच्या गोष्टीला ‘बाय’. ‘रक्कम टिल 31 मार्च परत करावी’ असें इंग्रजी करारांत कोणी लिहिलें, तर त्याचा नीट अर्थच लागत नाहीं. थोडें थोडें करून त्या तारखेपर्यंत देत राहावयाची, कीं त्या तारखेच्या आंत एकदम फेडावयाची? आपल्या घरांतून जागेचे करार, कर्जाचीं पत्रें, विम्याचे अर्ज इंग्रजींत होतात आणि पुष्कळदां ते घरींच टंकलिखित केले जातात. तेथें ही चूक परीक्षेंतल्या अर्ध्या गुणाची राहत नाहीं.

तारखांच्या बाबतींत आपल्या कायद्यानें तर अव्ययांचे अर्थच बांधून टाकले आहेत, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. 1897 च्या सामान्य परिभाषा अधिनियमाच्या 9 व्या कलमाप्रमाणें केंद्रीय कायद्यांत ‘फ्रॉम’ हा शब्द वापरला कीं पहिला दिवस मोजणींतून वगळला जातो, आणि ‘टु’ हा शब्द वापरला कीं शेवटचा दिवस मोजणींत धरला जातो. मुदत संपण्याच्या दिवशीं सायंकाळीं धांवपळ करणाऱ्या पक्षकाराचें भवितव्य अशा दोन अक्षरांवर टांगलेलें असतें.

‘पर्यंत’च्या पोटांत आणखी एक खांच आहे. मराठींत आपण ‘तो थकबाकी भरीत नाहीं तोंपर्यंत वीज जोडली जाणार नाहीं’ असें दोन नकार घालून सरळ बोलतों, आणि कोणाचाही गैरसमज होत नाहीं. हेंच इंग्रजींत उतरवितांना ‘अन्टिल ही डझ नॉट पे’ असें लिहिलें जातें. इंग्रज वाचकाला हें वाक्य उलटें दिसतें. त्याचें ‘अन्टिल’ हें घटना घडण्याच्या क्षणाकडे बोट दाखवितें. तो क्षण पैसे भरण्याचा आहे, न भरण्याचा नव्हे. म्हणून ‘अन्टिल ही पेज’ एवढेंच. ‘अनलेस’चीही तीच कथा. त्या शब्दाच्या पोटांत नकार आधींच आहे, त्याला दुसरा देण्याची गरज नाहीं.

कांहीं क्रियापदांच्या बाबतींत आपण उगाच उदार होतों. मराठींत एखाद्या गोष्टी‘विषयीं’ चर्चा करतात, म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितों. मुली‘शीं’ लग्न करतात, म्हणून ‘मॅरी विथ’. खोली‘मध्यें’ प्रवेश करतात, म्हणून ‘एंटर इन द रूम’. स्थानका‘वर’ पोहोंचतात, म्हणून ‘रीच ॲट द स्टेशन’. या चारही क्रियापदांना इंग्रजींत असल्या काठीची गरज नाहीं. तीं आपलें कर्म थेट हातानें धरतात. ‘डिस्कस’चा लॅटिन मूळ अर्थ हालवून सुटें करणें असा आहे, तेव्हां विषयच हालवावयाचा, विषयाविषयीं नव्हे. पण येथेंच एक मौज आहे. त्याच शब्दाचें नाम झालें कीं अव्यय परत येतें. ‘अ डिस्कशन अबाउट मनी’ हें शुद्ध आहे. ‘ऑर्डर’ आणि ‘रिक्वेस्ट’ हीं नामें असतांना त्यांपुढें ‘फॉर’ येतें, क्रियापदें असतांना येत नाहीं. आपल्या मुलांची गफलत बहुधा नामावरून क्रियापदाकडे जातांना होते, आणि शिक्षक मात्र केवळ तांबडी रेघ ओढून पुढें जातात.

ज्या ठिकाणीं अव्यय हवेंच, तेथेंही मराठीचें अव्यय उपयोगी पडेल असें नाहीं. आपण माणसा‘वर’ रागावतों, इंग्रज माणसा‘सह’ रागावतो: ‘अँग्री विथ’. आपण गणितां‘त’ हुशार असतों, तो गणिता‘पाशीं’ हुशार असतो: ‘गुड ॲट’. ‘अवलंबून’ असण्याला मात्र दोघांनाही ‘वर’च लागतें, आणि असा एखादा योगायोग आपणांस अधिकच बेसावध करतो. ‘पेक्षां’चें उदाहरण याहून बोधक आहे. ‘माझ्यापेक्षां वरिष्ठ’, ‘कॉफीपेक्षां चहा पसंत’ या प्रयोगांवरून आपण ‘सीनियर दॅन’, ‘प्रिफर दॅन’ असें करूं पाहतों. परंतु ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनांतून तरतमभाव घेऊनच आलेले असल्यामुळें ते इंग्रजांचा ‘दॅन’ स्वीकारीत नाहींत. त्यांना ‘टु’ लागतो. ‘प्रिफर’ हा शब्दही लॅटिनच, ‘पुढें ठेवणें’ या अर्थाचा. म्हणून चहा कॉफीच्या पुढें ठेवावयाचा तोही ‘टु’ लावूनच.

‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांचा पसारा मोठा आहे आणि त्यांत फार वेळ घालविण्याचें कारण नाहीं. घड्याळाच्या वेळेस ‘ॲट’, वारास व तारखेस ‘ऑन’, महिन्यास व सालास ‘इन’ हा नियम बहुतेक ठिकाणीं निभावून नेतो. वाहनांचा नियम मात्र सांगण्याजोगा आहे. ज्या वाहनांत उभें राहून चार पावलें चालतां येतें त्याला ‘ऑन’: बस, आगगाडी, जहाज, विमान. ज्यांत वांकून शिरून बसावें लागतें त्याला ‘इन’: मोटार, टॅक्सी, रिक्षा. याचे पडसाद आतां उलट दिशेनें मराठींत उमटूं लागले आहेत. अमेरिकेंत वाढलेला नातू आजीला ‘मी आतां बसवर आहें’ असें कळवितो, आणि इकडे आजीच्या डोळ्यांपुढें बसच्या टपावर वाऱ्यांत बसलेला मुलगा उभा राहतो. त्याला हंसण्यापूर्वीं आपण स्वतः ‘फोनवर’ बोलतों हें आठवावें; तीही इंग्रजी ‘ऑन’चीच सांवली असावी असें मला वाटतें.

आतां उभयान्वयी अव्ययांविषयीं. संस्कृताचे संस्कार ज्या घरांत आहेत तेथें येथील चूक अधिक होते, असें म्हटल्यास आश्चर्य वाटेल. परंतु कारण उघड आहे. संस्कृतांत वाक्यें जोडीनें बांधलीं जातात: यदि–तर्हि, यथा–तथा, यावत्–तावत्. मराठीनें तो वारसा जपला: जर–तर, जसें–तसें, जरी–तरी, जेव्हां–तेव्हां. दाराला दोन कड्या लावण्याची आपली संवय. इंग्रजीला एक कडी पुरते. ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ हें वाक्य मराठी कानाला समतोल वाटतें, कारण त्यांत ‘जरी’ आणि ‘तरी’ दोन्ही ऐकूं येतात. इंग्रजींत मात्र ‘दो’ किंवा ‘बट’ यांतला एकच ठेवावा लागतो. जुन्या लेखकांच्या ‘दो’च्या जोडीला ‘येट’ असे, तेवढें चालतें. त्याचप्रमाणें ‘ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ यांतला ‘सो’ हा आपल्या ‘म्हणून’चा आगंतुक पाहुणा आहे.

‘कीं’ हा असाच पाहुणा. ‘त्यानें मला विचारलें कीं, तूं कोठें चाललास?’ या सुंदर मराठी वाक्याचें ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असें रूपांतर होतें. इंग्रजींत प्रश्नार्थक शब्दच जोडणीचें काम करतो, तेथें ‘दॅट’ला जागा नाहीं, आणि प्रश्नाचा शब्दक्रमही मोडून सरळ वाक्यासारखा होतो: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. ‘नो सूनर’च्या मागून ‘व्हेन’ लिहिणाऱ्यांस एवढेंच सांगावें कीं, ‘सूनर’ हें तरतमवाचक रूप आहे, तेव्हां त्याला ‘पेक्षां’ म्हणजे ‘दॅन’ हवा. ‘हार्डली’ तसें नाहीं. त्याच्या मागून ‘व्हेन’च यावयाचा.

हें सारें व्याकरणपंडितांचें खूळ आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं न्यायालयांत डोकवावें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मार्च 2024 मध्यें पल्सिफर खटल्याचा निकाल दिला. वाद होता तो एका ‘अँड’चा. 2018 सालच्या कायद्याप्रमाणें अमली पदार्थांच्या कांहीं गुन्हेगारांना किमान शिक्षेच्या सक्तींतून सवलत मिळूं शकते. अट अशी कीं, त्या इसमाच्या पूर्वेतिहासांत अमुक, अमुक आणि अमुक अशा तीन गोष्टी नसाव्यात. आरोपीचें म्हणणें, तिन्ही एकत्र असतील तरच सवलत जाते. सरकारचें म्हणणें, तिन्हींपैकीं एक जरी असली तरी ती जाते. न्यायालय दुभंगलें, सहा न्यायाधीशांनीं सरकारचा अर्थ मानला, तिघांनीं आरोपीचा. आरोपीपुढें किमान 15 वर्षांचा तुरुंगवास होता, आणि त्याच्यासारख्या हजारों कैद्यांचीं वर्षें त्या एका शब्दांत अडकलेलीं होतीं.

ही अडचण आपल्या माजघरांतही रोज घडते, फक्त तिला कोणी खटला म्हणत नाहीं. वैद्यांनीं सांगितलें, ‘तिखट आणि तेलकट खाऊं नका’, तर दोन्ही वर्ज्य. आजीनें सांगितलें, ‘दूध आणि फणस खाऊं नका’, तर एकत्र वर्ज्य, निरनिराळे खुशाल खावेत. ‘आणि’ तोच, नकार तोच. अर्थ ठरतो तो आपल्या आधींच्या ज्ञानावरून. कायद्याच्या कागदाला असें आधींचें ज्ञान नसतें.

‘ऑर’नेंही असाच प्रताप गाजविला आहे. अमेरिकेंतील मेन राज्याच्या कायद्यांत कांहीं कामांना जादा वेळाचें वेतन लागू नव्हतें. त्या कामांच्या यादीच्या शेवटीं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते, आणि ‘ऑर’पूर्वीं स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे वाहनचालक माल पोहोंचवीत, पण बांधीत नसत. पोहोंचविणें हें यादींतील वेगळें काम, कीं बांधण्याचाच एक हेतु? 2017 सालीं अपील न्यायालयानें हा मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूनें कौल दिला, आणि पुढील वर्षीं कंपनीनें 50 लाख डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडेही 1968 सालीं ईश्वरसिंग बिंद्रा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें औषधांच्या कायद्यांतील एका ‘अँड’चा अर्थ ‘किंवा’ असा लावला. वकीलमंडळी एका अव्ययाचे इतके पैसे कां घेतात हें त्यावरून ध्यानांत यावें.

इतकें कडक बोलल्यावर, ज्या नियमांना कांहींच आधार नाहीं त्यांची भीति काढून टाकणेंही आमचें कर्तव्य आहे. वाक्याच्या शेवटीं ‘प्रेपोझिशन’ येऊं नये असें आपल्या कित्येक शिक्षकांनीं छडीच्या जोरावर बिंबविलें. या दंडकाचा उगम कवि ड्रायडन याच्याकडे जातो. 1672 सालीं त्यानें बेन जॉन्सनच्या एका ओळींत हा दोष काढला, आणि पुढें आपल्या स्वतःच्या जुन्या निबंधांतूनही अशीं अव्ययें वेंचून काढलीं. लॅटिनमध्यें तसें चालत नाहीं, म्हणून इंग्रजींतही चालूं नये असा तो सारा हिशेब. 1762 सालीं लाउथ या बिशपानें आपल्या व्याकरणांत ही इंग्रजीची स्वाभाविक लकब असल्याचें मान्य केलें, तरी गंभीर लेखनांत ती टाळावी असें सुचविलें. आणि 1926 सालीं फाउलरनें तर हा नियम म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा असें स्पष्ट बजावलें. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ हें निर्दोष इंग्रजी आहे. वाक्याचा आरंभ ‘अँड’नें किंवा ‘बट’नें करूं नये हा दुसरा भ्रम. 1611 च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायांत बहुतेक वचनें हिब्रूच्या अनुकरणानें ‘अँड’नें सुरू होतात, आणि इंग्रजी गद्याचा तो एक आदर्श मानला जातो.

मग घरांतील मुलांनीं करावें काय? नियम पाठ करून हें साधत नाहीं, हें रेन आणि मार्टिनच्या झिजलेल्या प्रतींनीं सिद्ध केलेंच आहे. कोश मात्र उपयोगी पडतो, पण तो परकीयांसाठीं रचलेला हवा. हॉर्नबी नांवाचा इंग्रज गृहस्थ जपानांत इंग्रजी शिकवीत असे. तेथील विद्यार्थ्यांच्या अशाच अडचणी पाहून त्यानें दोघा सहकाऱ्यांसह एक कोश केला; तो 1942 सालीं तोकियोंत निघाला, आणि 1948 पासून ऑक्सफर्डनें तो जगभर नेला. इंग्रजाच्या पोराला जें सांगावें लागत नाहीं तेंच त्यांत मुद्दाम सांगितलेलें असतें: कोणतें क्रियापद कोणत्या अव्ययाबरोबर नांदतें आणि कोणतें एकटें राहतें. तेव्हां शब्द पाहतांना अर्थावर न थांबतां त्यापुढचें उदाहरण वाचावें, आणि वहींत ‘अँग्री’ असें न लिहितां ‘अँग्री विथ’ असा जोडशब्दच लिहावा.

आणि एखाद्या सायंकाळीं, पाढे म्हणून झाल्यावर, मुलांना चार वाक्यें इंग्रजींत करावयास द्यावींत: ‘मी चारपर्यंत येतों’, ‘मी चारपर्यंत थांबतों’, ‘आजोबा येईपर्यंत थांबतों’ आणि ‘मी कोपऱ्यापर्यंत जातों’. पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’, तिसऱ्यालाही ‘टिल’, पण या खेपेस उभयान्वयी म्हणून आणि नकाराशिवाय. चौथ्याला मात्र ‘ॲज फार ॲज’.